मला नापास करा

एप्रिल संपत आला की मुख्याध्यापिकेला शाळेतली मुलं दिसेनाशी होतात. निकालपत्रकं, पोषण आहाराच्या शिल्लक तांदळाचा हिशेब, पहिलीसाठी नवी मुलं शोधणं, यातच दिवस मावळतो. त्या दुपारी मी ऑफिसात अशीच मान खाली घालून बसले होते. सहज वर पाहिलं, तर चौथीतली सुमन खिडकीचे गज धरून बाहेर उभी होती.

"बाई, मला नापास करा ना."

मला हसू आलं. वर्गात सगळ्यांत हुशार पोर ती! "का गं?"

"पास झाले की शाळा संपली. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं आहे. बाबा म्हणतात, एवढ्या लांब पोरीला नाही धाडायचं."

पास होणं कुणाला शिक्षा वाटत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आमची शाळा चौथीपर्यंतच. तिला ठेवून घेणं माझ्या हातात नव्हतं, आणि सोडलं तर ती घरातच अडकणार होती.

हातातलं काम तसंच टाकून मी तिच्या घरी गेले. वडिलांनी आदरानं बसवलं, पण ते ठाम होते.

"बाई, त्या वाटेला चिटपाखरू नसतं. तिच्या सोबतीला कोण? तुम्ही येणार का रोज?"

"येईन," मी बोलून गेले.

सुमन आनंदानं आईला बिलगली. वडिलांनी हात जोडले. मी परत निघाले आणि वाटेत एकदम थबकले. जूनमध्ये दोन्ही शाळांची घंटा एकाच वेळी वाजणार होती.