भिंत बघायला गेलेला रंगारी

चित्रांच्या प्रदर्शनात एखादा माणूस चित्रं सोडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठीकडे बघत फिरताना दिसला, तर तुम्ही त्याला काय समजाल? खिसेकापू? की डोकं फिरलेला? तिथला पहारेकरीही तेच समजला. पण तो माणूस माझा शेजारी, आणि मी त्याच्या बरोबर होतो, म्हणून खरं काय ते सांगतो.

तो रंगारी. सगळे त्याला पक्का म्हणतात, कारण कुठलंही काम सांगा, त्याचा पहिला प्रश्न असतो, "पक्कं हवंय की नुसतं दिसायला?" अठ्ठावीस वर्षं शिडीवर काढली त्यानं. शहरात चित्रांचं नवं दालन उघडणार होतं, तिथे ठेकेदारानं त्याला शेवटच्या मोठ्या खोलीची भिंत दिली. पक्क्यानं उलटा हात भिंतीला लावला आणि सांगितलं, गिलावा ओला आहे, आठ दिवस थांबा. ठेकेदार म्हणाला, "तुला रंग मारायला ठेवलंय, भिंतीची नाडी बघायला नाही. परवा उद्घाटन आहे. प्लॅस्टिक रंग मार आणि मोकळा हो."

आता ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक रंग म्हणजे ओल आत कोंडायची. महिन्याभरात फुगे, मग पोपडे, आणि खापर रंगाऱ्याच्या डोक्यावर. ठेकेदाराच्या डोक्यावर कधी खापर फुटलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मग बाकीचे जेवायला गेल्यावर पक्क्यानं ठेकेदाराचा रंगाचा डबा झाकून ठेवला, चुना धरून राहावा म्हणून त्यात सरस, म्हणजे चिकट गोंद, घातला, डब्यातल्यासारखाच रंग घोटला आणि चुन्याचे तीन हात मारले. चुन्यातून भिंत श्वास घेते. दिसायला फरक शून्य.

पण चुन्याची एक खोड असते. सरस कमी पडला की तो अंगाला लागतो. एखादा त्या भिंतीला टेकला, पाठ पांढरी झाली, की बोंब. मग ठेकेदाराला कळणार, आणि त्या शहरात पक्क्याच्या हातात पुन्हा कुणी ब्रश देणार नाही. सरस घाईत, अंदाजानं घातला होता. तीन आठवडे गड्याच्या घशाखाली घास उतरेना. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं, बायकोला नाही.

त्याची पोरगी चित्रं काढते. तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, एकदा मोठी चित्रं बघून ये. वहिनींना स्वतःसाठी जाकीट आणि पोरीला बूट घ्यायचे होते. म्हणून रविवारी सगळे शहरात निघाले, आणि मला बसचे नंबर पाठ, म्हणून मलाही ओढलं. वहिनींनी पाच दुकानं पालथी घातली. पक्का दर दुकानात म्हणायचा, हेच छान आहे, घे आणि चल. शेवटी त्यांनी गडद निळं जाकीट घेतलं, तिथंच अंगात चढवलं, आणि नवऱ्याला सुनावलं की लग्नाच्या वेळी तुम्हाला बघायला माझ्या घरच्यांनी एवढा वेळ घेतला असता तर बरं झालं असतं.

दालनात शिरल्यावर पोरगी चित्रांना चिकटली, आणि पक्का त्या शेवटच्या खोलीत एकेका माणसाच्या मागे. कोण टेकतंय, कुणाचा कोट पांढरा झालाय. पहारेकरी दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा जवळ आला आणि म्हणाला, "काका, चित्रं समोर लावलीत." माझं डोकं तापलं. मी दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात वहिनी सरळ त्या भिंतीकडे गेल्या आणि गाय खांबाला अंग घासते तशी त्यांनी नव्या जाकिटाची पाठ भिंतीला घासली. मग नवऱ्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या.

"बघा एकदाचं," त्या म्हणाल्या, "आणि उद्यापासून जेवत चला."

नवऱ्यानं सांगितलं नसलं म्हणून काय झालं? एकवीस वर्षं त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला चुन्याचा डाग आणि प्लॅस्टिकचा डाग यातला फरक कळत नाही होय?

जाकीट निळंच्या निळं. एक कण नाही.

पहारेकरी धावत आला, भिंतीला टेकू नका म्हणाला. मग स्वतःच सैलावला. म्हणाला, नशीब ही भिंत तरी धड आहे. बाकीच्या दोन खोल्यांत रंगाला फुगे आलेत, गुरुवारपासून बंद ठेवल्यात. ठेकेदार मात्र सगळ्यांना सांगतो, ही मी स्वतः उभा राहून करून घेतली.

मी तोंड उघडलं. वहिनींनी मला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिला. आणि पक्का हसायला लागला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता मधल्या बाकावर बसला, बूट काढले, पाय लांब केले. पोरगी येऊन शेजारी बसली आणि समोरच्या चित्राचं काहीबाही समजावू लागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलंय. पण निळ्याचा दुसरा हात राहिलाय." पोरगी म्हणाली, बाबा, हळू बोला.

तेव्हा एक मागतो. तुमच्या घरी रंगारी आला, भिंतीला उलटा हात लावून म्हणाला की आठ दिवस थांबा, तर पाहुणे येऊ द्यात, मुहूर्त टळू द्या, कुणी काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुम्ही थांबा.