तू खा, मी बघते

सकाळी भाकरी थापत होते तेव्हा फोन वाजला. माझे हात पिठाचे होते म्हणून सासूबाईंनी उचलला, पलीकडचं ऐकलं आणि माझ्या कानाला लावला. शमीमचे यजमान इक्बालभाई होते. "ताई, शमीम गेली," एवढंच म्हणाले. मला विचारायचं होतं, कधी, कशी, फार त्रास झाला का. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुम्ही काही खाल्लंय का?" इतक्या वर्षांत आमच्या दोन घरांमध्ये पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा, आणि त्या सकाळी मला दुसरा सुचला नाही. तव्यावरची भाकरी जळत होती. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसून राहिल्या.

शमीम आणि मी पिंपळवंडीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत बरोबर शिकवायचो. शाळा दोन शिक्षकांची, म्हणजे आम्हीच दोघी. ती जुन्नरची, मी वारूळवाडीची. ती एस.टी.ने नारायणगावला यायची आणि तिथून पुढे आम्ही एकत्र जायचो. शाळेत हजर झाल्याच्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिने माझ्या डब्यातली मेथीची भाजी चाखली आणि म्हणाली, लसूण करपलाय. मला रागच आला. ही कोण माझ्या लसणाला नावं ठेवणारी? पण तिने स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. साधं कांद्याचं पिठलं होतं. ते खाल्ल्यावर माझा राग टिकला नाही. पुढे शाळेतल्या पोरांच्या खिचडीतही ती लक्ष घालायला लागली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना न दुखवता, गप्पा मारत मारत, फोडणी जरा जास्त तापवायला लावायची. पोरं दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली तशी मावशींचीही तक्रार राहिली नाही.

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाई जरा जपूनच होत्या. चहा दिला, पण बाहेरच्या खोलीत. त्या दिवशी आत मासवड्या चालल्या होत्या. आमच्या भागात पाहुणा आला की मासवडी व्हायचीच. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शासोबत खायच्या. शमीमला बाहेर वास आला. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "आई, तीळ वेगळे भाजता का खोबऱ्याबरोबर?" सासूबाई आतूनच म्हणाल्या, "तिकडं बसून काय कळनार हाय तुला? आत ये." ती आत गेली ती कायमची. पुढच्या वर्षभरात तिची मासवडी सासूबाईंच्या मासवडीपेक्षा सरस व्हायला लागली. सासूबाईंनी ते कबूल केलं नाही, पण घरी कुणी यायचं असलं की "शमीमला सांगितलंस का?" हे मात्र विचारायच्या.

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की घरच्या दिशेने न जाता आम्ही उलट्या एस.टी.त बसून आळेफाट्याला जायचो. दोघीच. आमच्याकडे बायका हॉटेलात जातात त्या नवऱ्याबरोबर, नाहीतर लग्नाच्या बस्त्याला गेल्या तर. पहिल्या वेळी हॉटेलवाल्याने आम्हाला मागच्या पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये बसायला सांगितलं. शमीम म्हणाली, "भाऊ, तिकडे पंखा न्हाई चालत, आमी इथंच बसतो," आणि रस्त्याकडेच्या टेबलावर पिशवी ठेवली. समोर नाशिककडे जाणारे ट्रक, गॅरेजमधली ठोकाठोक, गाडी थांबवून घाईघाईने जेवणारे ड्रायव्हर... त्यात आम्ही दोन बाया, भाकरी कुस्करून रश्शात कालवत बसलेल्या. ती जेवताना बोलायची नाही. आधी सगळा रस्सा कालवायचा, वरून लिंबू पिळायचं, कांदा बाजूला काढायचा, मग पहिला घास. तो खाल्ल्यावरच बोलायला सुरुवात. हॉटेलवाले भाऊ नंतर नंतर तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, की आज मॅडम काय म्हणतायत. उसाच्या कडेने अंधारात यायला बिबट्याची भीती, म्हणून आम्ही ऊन असतानाच परत फिरायचो. त्या जेवणांमध्ये आम्ही काही फार मोठं बोललो असं मला आठवत नाही. तिच्या मुलीचं लग्न, माझ्या मुलाची नोकरी, रश्शात खसखस आहे की नाही... एवढंच.

अशाच एका शनिवारी तिचा घास अडकला. ती पाणी प्यायली, छाती चोळत हसली. भाकरी कोरडी आहे म्हणाली. पुढच्या वेळी तिने भाकरी रश्शात फार वेळ भिजत ठेवली. मग भात मागवायला लागली, मग नुसता रस्साच. वय झालं, दात दुखतात, ॲसिडिटी आहे, असं ती सांगायची आणि आम्हा सगळ्यांना ते पटायचं. जुन्नरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या पुढे गेला होता. रेडिएशनचे शेक दिले, औषधं झाली, थोडे दिवस घोटभर पेज उतरायला लागली तेव्हा इक्बालभाईंनी फोन करून ती बातमी एखादं बारसं असल्यासारखी सांगितली. मग तेही बंद झालं आणि डॉक्टरांनी पोटालाच नळी बसवली. डाळीचं पाणी, पातळ पेज, दूध, सगळं मोठ्या सिरिंजने त्या नळीतून आत सोडायचं. इक्बालभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तांब्याची तार सरळ गुंडाळणारे त्यांचे हात. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, मुलीलाही करू दिलं नाही.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. मऊ खिचडी, मुगाचं कढण, काही नाही तर केळी. मी पहिल्यांदा तिला भेटायला निघाले तेव्हा सवयीने डबा काढला आणि तो हातात धरून ओट्याशी उभी राहिले. भरायचं काय त्यात? सासूबाईही माझ्याकडे बघत उभ्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "त्या माणसासाठी ने. त्यालातरी कोन घालतंय करून?" म्हणून मग मी दर वेळी इक्बालभाईंसाठी डबा न्यायचे. शमीम तो आधी स्वतःकडे मागून घ्यायची, झाकण उघडून वास घ्यायची आणि मगच त्यांना द्यायची. मला ते बघवायचं नाही आणि थांबवताही यायचं नाही. एकदा झाकण लावता लावता ती म्हणाली, "पोट भरलेलं असतं गं मंदा. तोंडाला भूक लागते." देवाचं नाव घे, असं म्हणणारे पुष्कळ येऊन जात होते. कुणी अंगाऱ्याची पुडी आणून देत होतं, कुणी ताईत. सासूबाईंनी लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता. मी नुसती तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. चादर आधीच सारखी होती.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी तिने आळेफाट्याला जायचं काढलं. मुलगी नको म्हणाली, डॉक्टरांना विचारू म्हणाली. इक्बालभाईंनी कुणालाच विचारलं नाही. ओळखीतल्या एकाची गाडी आणली, तिला उचलून बसवलं, वारूळवाडीला मला घेतलं. हॉटेलपाशी ते गाडीतच थांबले. तुम्ही दोघी जा, म्हणाले. शमीम शालीत गुंडाळलेली, माझ्या खांद्यावर तिचा भार असा नव्हताच काही. रस्त्याकडेच्या टेबलावर आम्ही बसलो आणि तिने मासवडीची दोन ताटं मागवली.

ताटं आली. तिने भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, कालवलं, लिंबू पिळलं, कांदा बाजूला काढला. मला वाटलं, आता ही घास तोंडात घालते की काय. तिने हात काढून घेतला, बोटं ताटाच्या कडेला पुसली आणि म्हणाली, "तू खा. मी बघते."

मी घास घेतला. कशी झालीय म्हणून तिने विचारलं. चांगली आहे, म्हटलं.

"असं नको. नीट सांग."

मग मी सांगत गेले. तीळ जरा जास्त भाजलेत. खोबरं गोड आहे. रस्सा आधी नुसता तिखट वाटतो, मग मागून लसूण येतो. वडीची कड किंचित जाड राहिलीय. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा जबडा हळूच हलत होता. माझ्या घशाखाली घास उतरेना. आणि जिच्या खरोखरच उतरत नव्हता ती समोर बसून मला घे, अजून घे म्हणत होती. मी खाल्लं. ताट पुसून खाल्लं. आयुष्यात इतकं अवघड मी काही केलेलं नाही, आणि मी केलं ते काय, तर जेवले.

एवढ्यात हॉटेलवाले भाऊ आले. आम्ही बऱ्याच महिन्यांनी दिसलो म्हणून खुशीत होते. तिचं तसंच राहिलेलं ताट बघून त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, जेवण आवडलं न्हाई का? दुसरं काय करून आनू का?"

"न्हाई हो भाऊ," शमीम म्हणाली, "लई छान झालंय. पोट भरलंय माझं."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. शालीकडे, मानेकडे, कालवलेल्या ताटाकडे. मग गल्ल्यावर जाऊन बसले. आम्ही उठेपर्यंत ते ताट त्यांनी पोऱ्याला उचलू दिलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. फोन आला त्या दिवशी मी जुन्नरला गेले, घरात बायकांमध्ये बसले. पुरुष तिला घेऊन गेले. त्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून सासूबाईंनी माझ्याबरोबर पिठलं-भाकरीचं मोठं गाठोडं दिलं होतं. सगळ्यांनी दोन दोन घास खाल्ले. पिठलं बरं झालं होतं, आणि ते कुणाला सांगायचं हे मला कळेना.

मुलगी परत सासरी गेल्यावर परवा मी दुपारची इक्बालभाईंकडे गेले. दार उघडंच होतं. ते स्वयंपाकघरात गाळणीखाली पातेलं धरून उभे होते. मिक्सरमध्ये फिरवलेला डाळ-भात चमच्याने घोटून घोटून गाळत होते. मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. त्यांनी मला बघितलं आणि जरा ओशाळले.

"मला एवढंच येतं, ताई," ते म्हणाले. "आता गाळायची गरज नाही, कळतं मला. पण हात जातो."

लग्नापासून ज्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, तो तिच्यासाठी शिजवायला शिकला होता, आणि शिकला ते नळीतून जाईल एवढंच. शमीम गेल्यापासून मुलगी घरी नसेल तेव्हा ते हेच पीत होते. त्यांनी दोन ग्लास काढले. माझ्यापुढे एक ठेवताना आपणहून सांगितलं, "आज मुगाची डाळ आहे, तांदूळ, आणि थोडा लाल भोपळा." प्रत्येक वेळी सिरिंज भरताना ते तिला असंच सांगायचे, म्हणजे तिला निदान काय जातंय ते तरी कळावं.

मी घोट घेतला. त्यात मीठ नव्हतं. नळीतून जाणाऱ्या जेवणाची चव बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, आणि तिलाही ते कळायचं काही कारण नव्हतं... मिठाचा डबा समोरच्या फळीवर होता. मी हात पुढे केला नाही. आम्ही दोघं ओट्याला टेकून पीत राहिलो. माझा ग्लास रिकामा झाला तसा त्यांनी विचारलं, अजून देऊ का. मी ग्लास पुढे केला.