काकूंचा फिनिश शब्द

“अर्थ कळला गं, वापर नाही कळला,” असं म्हणून काकू चष्मा कपाळावर सरकवत. साठी उलटलेली ही बाई दोह्यात, अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसून फिनिश शिकत होती आणि भाजी निवडता निवडता त्याचे प्रयोग माझ्यावर करत होती.

मूळच्या नाशिकच्या. मुलगा फिनलंडला, सून तिथलीच. सासूसुनेचं इंग्रजीत छान जमायचं. मी एकदा चिडवलंही, “काकू, इतकी वर्षं इथे राहून अरबीत तुम्ही ‘यल्ला, खलास’च्या पुढे गेला नाहीत, आणि आता हे काय खूळ?”

काकू हसल्या नाहीत. “बाळ झाल्यापासून ती फोनवर नुसतं ‘फाइन’ म्हणते. इंग्रजीत सगळ्यांचंच फाइन असतं गं. पोरगी आतून खचलीये, मला दिसतंय ना.”

मग त्यांना ‘याक्सा’ हा शब्द सापडला. याक्सा म्हणजे अंगात बळ असणं, झेपणं. ‘मितेन याक्सात?’ म्हणजे, कसं झेपतंय तुला? इथे काकू अडल्या. आपल्याकडे सासूने सुनेला ‘झेपतंय का?’ विचारलं की तो टोमणाच. काकूंनी स्वतः तो भरल्या घरात ऐकला होता. ऑनलाइन शिकवणाऱ्या फिनिश बाईंना त्या पुन्हा पुन्हा विचारत, “हे प्रेमाने विचारतात? सासूने विचारलं तरी?” बाई दर वेळी हो म्हणत, तरी काकूंचा धीर होईना.

एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे असतानाच व्हिडिओ कॉल लागला. काकूंनी ओढणीला हात पुसले आणि हळूच म्हणाल्या, “मितेन याक्सात?”

सून ‘फाइन’ म्हणाली नाही. तोंड फिरवून म्हणाली, “एन याक्सा.” नाही झेपत.

आणि ढसाढसा रडली. काकूंचं फिनिश तिथेच संपलं होतं. त्या सरळ मराठीत म्हणाल्या, “येते हं बाळा मी.” तिला ते कळलं असावं, कारण तिने मान हलवली. जन्मभर मी इतकी बडबड करत आले, पण असं कुणी कुणाला विचारताना ऐकलं नव्हतं.

व्हिसा मिळताच काकू गेल्या. काका आता रात्री आमच्याकडे जेवतात. परवा आमटी वाढताना मी सुनेची चौकशी केली.

“झोपते आता,” काका म्हणाले. “बाळ रात्रभर हिच्याकडे असतं. सून झोपते.”