सहा सिलिंडरची वरात

पेट्रोलचे भाव भडकले त्या वर्षीची गोष्ट. पिंपरीत माझा कारखान्यांच्या भंगाराचा धंदा होता, सायकलवर पोती वाहून उभा केलेला. त्याच जोरावर मी पुण्यातल्या एका बंगलेवाल्या साहेबांची जुनी विलायती मोटार घेतली. साहेबांनी इंजिन सुरू करून त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. थेंब सांडला नाही. मी मनातून विरघळलो, पण तोंडाने गाडीला इतकी नावं ठेवली की बाईसाहेबांनी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी मी निम्मी किंमत सांगितली. साहेब लगेच "बरं" म्हणाले. ते "बरं" मला आजही टोचतं. घासाघीस न करता जो माल सोडतो, त्याने काहीतरी लपवलेलं असतंच.

उन्हाळा लागला आणि लपवलेलं बाहेर आलं. त्या इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत होते. एकाचा जोर ओसरायच्या आत दुसरा जोर लावायचा, म्हणून गाडी टॉप गिअरमध्येसुद्धा माणसाच्या चालीने, हिसका न देता चालायची. पण ओळ लांब. थंड पाणी पुढून शिरायचं आणि शेवटच्या सिलिंडरपाशी पोचेपर्यंत गरम झालेलं असायचं. पंगतीच्या शेवटी बसलेल्याच्या पानात जे पडतं, तेच त्याच्या वाट्याला. गाडी हळू चालवली की इंजिन मागून तापायचं. शिवाय पेट्रोल ढोसायचं ते वेगळंच.

माझा मेहुणा तळवड्याचा, कारखान्यात फिटर. तो मागेच लागला होता. "दाजी, ह्ये काढा. ट्रकचं डिझेल इंजिन बघून ठेवलंय."

मी भडकलो. "तुझ्या लग्नाची वरात ह्याच गाडीतून काढतो. उकळली तर सोमवारी खुशाल इंजिन काढ. नाही उकळली तर पुन्हा डिझेलचं नाव घ्यायचं नाही!"

"ठरलं," तो म्हणाला. तोही लगेच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लग्न लागलं, दिवस कलला, मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. मी स्टिअरिंगवर, मागे नवरा-नवरी. बँडवाले दर दहा पावलांवर थांबत, पोरं नाचत आणि गाडी जागच्या जागी धुमसत राही. पारावरून पुढे आलो आणि पुढून वाफेचा फवारा उडाला.

"दाजी," मागून आवाज आला, "सोमवारी सकाळी येऊ का दुपारी?"

मी दार आपटून खाली उतरलो. पाहतो तर मेहुण्याच्या मावश्यांनी हौसेने पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळांची गोधडीच घातलेली. वारा शिरायला बोटभर फट नाही! मी माळा ओरबाडायला लागलो तशा मावश्या धावल्या. "अवं, अपशकुन व्हईल!"

"इंजिनाचा जीव घुसमटलाय, त्याचं काय?" मी ओरडलो.

इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. बँडवाल्यांना मी सांगितलं, वाजवा. लोक समजले, मुद्दामच थांबलोय. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा नाचून घेतलं. मग रेडिएटरमध्ये पाणी भरलं, इंजिन सुरू केलं आणि उघड्या जाळीने गाडी मुंगीच्या चालीने थेट दारापर्यंत नेली. तापमानाचा काटा हलला नाही.

"उकळली ती उकळलीच," मेहुणा म्हणाला.

"झेंडूने उकळली! करारात झेंडू नव्हता."

"करारात उकळणं व्हतं."

उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायला माझी बायको ताट घेऊन उभी, आणि आम्ही दोघं गाडीपाशी भांडतोय. तेवढ्यात चऱ्होलीची नवी नवरी, दिवसभर एक शब्द न बोललेली, पदराआडून म्हणाली, "आमी सकाळी ट्रकातनं आलो. अजून दात वाजत्यात. ह्या गाडीत झोप लागली. माहेरी जायचं तर ह्याच गाडीनं, न्हाईतर चालत."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि लगेच म्हणाला, "बरं."

आयुष्यात ऐकलेलं तेवढं एकच "बरं" मला गोड लागलं. इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं. जाळीवर मात्र मी दसऱ्यालासुद्धा हार घालू दिला नाही. आणि साहेबांनी शेवटच्या सिलिंडरची गोष्ट लपवली ती लपवलीच, ते मी झेंडूवर ढकलणार नाही.