लाईनमनच्या घरचा नंबर

आमच्या कॉलनीचा मोबाइलवरचा ग्रुप मी काढला होता. गणपतीच्या दिवसांत आरती किती वाजता, आज प्रसाद कुणाच्या घरचा, एवढंच त्यावर यायचं. पुढं दुष्काळाची वर्षं लागली आणि ग्रुपवर पाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही.

पैठण रस्त्याच्या बाजूला, जिथं आधी बाजरी व्हायची, तिथं आमची रो-हाऊसं उभी राहिली होती. आमचे हे चितेगावच्या एका कारखान्यात होते, मी शहरातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. घर घेताना बिल्डरनं नळ दाखवला होता; त्यातून पाणी येताना दाखवलं नव्हतं. त्या वर्षी नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. येणार कधी, हे फक्त एका माणसाला ठाऊक असायचं. तो म्हणजे आमच्या भागातल्या पाण्याच्या लाईनचा वॉल उघडणारा लाईनमन.

तो फुलंब्रीकडचा होता. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळकुडा. सायकलच्या दांडीला वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी बांधलेली असायची. लोक त्याला नावानं हाक मारत नसत, "ओ लाईनमन" म्हणत. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच वॉलचा खड्डा होता, त्यामुळं त्याचं येणंजाणं माझ्या दारावरून व्हायचं.

एक दिवस त्यानं आमच्या कंपाउंडवर वाळत घातलेल्या चादरी पाहिल्या आणि थांबला.

"मॅडम, घरात कुणी आजारी हाय का?"

"सासूबाई. वर्ष झालं, अंथरुणावरच आहेत. सगळं अंथरुणातच."

त्यानं सायकल कंपाउंडला टेकवली. मग म्हणाला, "माझा फोन मी ड्युटीवर बंदच ठेवतो. लोकं नुसत्या शिव्या द्यायला फोन लावतात. हा घरचा नंबर लिहून घ्या. आजीसाठी लईच अडचण आली तर ह्याच्यावर सांगा, पोरगी मला निरोप देती. पण दुसऱ्या कुणाला देऊ नका, मॅडम. लेकरू कॉलेजात जातंय, तिच्याजवळच असतो त्यो."

मी नंबर घेतला. दोनदा वापरलाही. पलीकडून बारीक, आदबशीर आवाज यायचा, "हो काकू, बाबा आले की सांगते." दोन्ही वेळा आमच्या गल्लीला पाणी थोडं जास्त वेळ राहिलं. ही गोष्ट मी शेजारणीलाही सांगितली नाही. त्याचा शब्द पाळायचा म्हणून नव्हे. सोय आपल्यापुरती राहावी म्हणून.

मग एका पाळीला पाणी आलंच नाही. आठ दिवस गेले, नऊ झाले. पलीकडच्या बंगल्यांना मात्र पाणी आलं, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं. त्यावर दुसऱ्यानं लिहिलं की लाईनमन बंगलेवाल्यांकडून चहापाणी घेतो. कुणी पाहिलं होतं का, हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्यानं त्याचा पाठमोरा फोटो टाकला, खाली लिहिलं, "हाच तो चोर." मग ज्याला जे सुचेल ते प्रत्येक जण लिहायला लागला. त्याच्या जातीवरही कुणीतरी आलं.

दुसऱ्या गल्लीत एक नर्स राहायची. तिनं लिहिलं, "माणसाचा फोटो असा टाकू नका. आधी चौकशी करू या."

कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त अधिकारी होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पेपरांना पत्रं लिहायची त्यांना सवय. त्यांचं उत्तर लगेच आलं. "ताई, ही लोकशाही आहे. लोकांच्या नोकराबद्दल लोकांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? इथं तोंड बंद ठेवायचं असेल तर मला ग्रुपमधून काढा. अ‍ॅडमिन मॅडमचं काय म्हणणं आहे?"

मला विचारलं गेलं, हेच मला आवडलं. मी लिहिलं, "बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. मी कुणाचाही मेसेज काढणार नाही." टाळ्यांची चित्रं आली. शाळेत मुख्याध्यापिका मला विचारत नसत, घरात यांनी कधी विचारलं नव्हतं. तो सगळा दिवस मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दहावा दिवस होता. मोरीत चादरींचा ढीग पडला होता. वास घरभर झाला होता आणि सासूबाई लाजेनं रडत होत्या. मी लाईनमनच्या घरचा नंबर तीनदा लावला. कुणी उचलला नाही. मुलगी कॉलेजात तासाला बसली होती आणि फोनचा आवाज बंद होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की आता हे लोकसुद्धा आपल्याला टाळायला लागले. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "त्या लाईनमनचा नंबर आहे का कुणाकडं?"

मी नंबर टाकला. वर लिहिलं, "हा त्याच्या घरचा. याच्यावर उचलतात."

कोण उचलतं ते मला ठाऊक होतं. ते मी लिहिलं नाही.

टाकलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायची सोय असते, थोडा वेळ. मी त्यावर बोट नेलंही होतं. पण तोवर काकांचं "शाब्बास मॅडम!" येऊन पडलं होतं. आता पुसला तर का पुसला म्हणून विचारतील. मी फोन पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

संध्याकाळी शाळेच्या वह्या तपासताना ग्रुप उघडला. तिसऱ्या गल्लीतल्या एकानं आपल्या फोनचं रेकॉर्डिंग टाकलं होतं.

"लाईनमन कुठाय?"

"काका, बाबा ड्युटीवर आहेत. मी त्यांची मुलगी. हा माझा नंबर आहे."

"मग तूच ये पाणी सोडायला. बापाच्या हरामाच्या कमाईवर शिकतीस ना?"

"काका, प्लीज. दुपारपासून सारखे फोन येतायत. माझा उद्या पेपर आहे, काका." आणि मग ती रडायला लागली. हुंदका अर्ध्यात होता तिथंच रेकॉर्डिंग संपलं.

त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. एकानं लिहिलं होतं, "डोळ्यांतून तरी पाणी आलं." त्यावर आणखी हसणारी तोंडं. त्यात मीही एक टाकलं. का टाकलं, याचं कारण मी पुष्कळ शोधलं. चादरींचा ढीग हे कारण नाही, तो तोवर टँकरच्या पाण्यात धुऊन झाला होता. सगळे हसत होते आणि मला त्यांच्यात राहायचं होतं. याहून मोठं काही सापडलं नाही.

नर्सनं मला वेगळा मेसेज केला, "हे थांबवा. तुमच्या हातात आहे." मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही.

रेकॉर्डिंग आणि नंबर आमच्या ग्रुपमधून बाहेर पडले. त्या नंबरावर तिचा छोटा फोटो होता, कॉलेजच्या गॅदरिंगमधला, पिवळ्या ड्रेसमधला. तो कुणीतरी मोठा केला आणि खाली ओळ टाकली, "पाणी पाहिजे? हिला फोन करा." तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या स्टाफरूममध्ये, एका सहशिक्षिकेच्या फोनवर. "बघा बाई, काय काय डोकं चालवतात लोक," असं म्हणून ती हसली. म्हणजे आता लाईनमनच्या मुलीला फोन करणाऱ्यांना पाणी नको होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईनमन माझ्या गेटशी आला. सायकल स्टँडवर लावली, आत आला नाही. मी ग्लासभर पाणी नेलं. त्यानं ते हातात घेतलं, प्यायला नाही.

"मॅडम, तुमी तो नंबर कुणाला दिला व्हता का?"

"मी? नाही."

"नाय, इचारावं म्हणलं. लई घाण फोन येऊ लागलेत पोरीला. जेवण सोडलंय तिनं."

"तुम्ही आणखी कुणाला दिला असेल."

"कुणालाच नाय दिला."

इथं मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "मग कॉलेजातून गेला असेल. हल्लीच्या मुली कुठं कुठं नंबर टाकतात, कुणाकुणाशी बोलतात, घरच्यांना कुठं कळतं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. शिकलेल्या बाईनं समजावून सांगितलेलं ऐकतात, तसा तो ऐकत होता.

"व्हय," तो म्हणाला. "तसंबी असंल. घरी जाऊन इचारतो."

"पोलिसांत तक्रार द्या."

"तिथंबी पोरीचंच नाव लिहावं लागंल ना, मॅडम." त्यानं ग्लास परत दिला आणि गेला.

त्यानंतर आमच्या कॉलनीला पाणी ठरल्या दिवशी यायला लागलं. दाबही वाढला. वरच्या मजल्यावरच्या टाकीत मोटर न लावता पाणी चढलं, असं एकानं आनंदानं लिहिलं. काकांनी लिहिलं, "एकी दाखवली की हे असं होतं." पुढच्या गणपतीत त्यांनी मला शाल आणि नारळ दिला, कॉलनीचा पाणीप्रश्न सोडवल्याबद्दल. मी तो घेतला. फोटोत मी हसते आहे.

लाईनमननं काही महिन्यांत आपण होऊन दुसरा भाग मागून घेतला. मुलीचं काय झालं ते मला नर्सनं सांगितलं. आमच्या सगळ्या कॉलनीतून त्यांच्या घरी ती एकटी जाऊन आली होती. घरच्यांनी सिमकार्ड तोडून टाकलं होतं. शिष्यवृत्तीचा आणि परीक्षेचा फॉर्म भरताना कोड त्याच नंबरावर यायचा. तो आला नाही, फॉर्म राहिला, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिला पाठवायला घरचे तयार झाले नाहीत. हे सांगून झाल्यावर नर्स म्हणाली, "नंबर कुणी टाकला ते सगळ्यांनी वाचलंय. पण कुणी लाईनमनला सांगणार नाही. मी सांगायला गेले होते. त्याच्या तोंडाकडं बघून मलाही जमलं नाही." त्याच दिवशी ती ग्रुपमधून बाहेर पडली.

पुष्कळ उशिरा मी ग्रुपवर नियम घातला. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकायचा नाही, नंबर टाकायचा नाही, टाकला तर मी काढीन. काकांनी लिहिलं, "ही हुकूमशाही आहे. मॅडमना त्यांचाच शब्द आठवत नाही." ते बरोबर बोलत होते. अर्ध्या तासात नवा ग्रुप निघाला आणि एकेक करून सगळे तिकडं गेले. आमचे हेही गेले. "पाण्याचं कळायला नको का?" म्हणाले. तिथं काय चालतं ते मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

सासूबाई गेल्या. पाऊसही पुढं बरे झाले. शहर चितेगावला जाऊन टेकलं, शहराचं नावही बदललं. मी निवृत्त झाले. एकदा ब्लाउजचं अस्तर घ्यायला शहागंजात गेले होते. मॅचिंगच्या एका दुकानात काउंटरमागच्या बाईनं मान खाली घालूनच विचारलं, "किती देऊ, काकू?"

आवाज मी ओळखला. इतक्या वर्षांनी मला वाटलं होतं मी विसरले असेन.

"तुझे वडील लाईनमन होते का?"

तिनं वर पाहिलं. "व्हय. तुम्ही त्या मॅडम."

"मला तुझ्याशी बोलायचं होतं."

"बोला की."

माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "तेव्हा जे झालं ते फार वाईट झालं."

"झालं नाय, काकू. केलं." तिनं आवाज चढवला नाही. बाजूला दुसरी विक्रेती होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून उलट खालीच आणला. "तुमच्या ग्रुपमधल्याच कुणीतरी मला सगळं पाठवलं होतं. मजा म्हणून. वर तुमचं नाव होतं. नंबर तुम्ही टाकलेला. मी रडले त्याच्या खाली तुमचं हसणं."

"वडिलांना सांगितलंस?"

"नाय." ती कापडाचा तागा गुंडाळायला लागली. "ते तुमच्याकडं येऊन गेले ना, त्या दिवशी त्यांनी मला मारलं. आधी कधी हात लावला नव्हता. मॅडम शिकलेल्या हायेत, त्या कशाला खोटं बोलतील, म्हणाले. अजून तुम्हाला चांगलं म्हणतात. सगळ्या कॉलनीत एकट्या त्या बाईनं पाणी इचारलं, म्हणतात. आता खरं सांगितलं तर आपण लेकीला कशापायी मारलं ते त्यांना कळंल. म्हातारा माणूस हाय. झेपायचं नाय."

"मला माफ कर," मी म्हणाले.

"अस्तर घ्यायचंय का? मागं बाई थांबल्यात."

मी दोन मीटर घेतलं. तिनं ते मापून, नीट घडी घालून पिशवीत दिलं आणि मागच्या बाईला विचारलं, "बोला ताई, कोणता रंग?"

हे लिहायच्या आधी तिला विचारावं म्हणून मी दोनदा शहागंजात गेले. दोन्ही वेळा दुकान आलं तशी पुढं निघून गेले. ती नाही म्हणाली असती, आणि मग मला लिहिता आलं नसतं. नावं मी गाळली आहेत, दुकानात काय विकतात तेही बदललं आहे. पण ज्याची गोष्ट आहे त्याला नावाची गरज पडत नाही. तिचे वडील अजून आहेत, आणि त्यांना वाचता येतं. तरी मी हे लिहिलं आहे.