हरले की मारा रिपोर्ट

"मॅडम, सहा जणांनी रिपोर्ट केलाय. आयडी कायमचा बंद करा नी पुढचं बघा," राजेश सर म्हणाले. ते माझे बॉस.

"सर, आधी खेळ तर बघू द्या!"

इंदूरच्या एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत मी खेळाडूंच्या तक्रारी बघते. कोणी मुद्दाम खेळ बिघडवला, की बाकीच्यांनी रिपोर्टचं बटण दाबायचं. सहा रिपोर्ट झाले की सिस्टीम आयडी अडकवते. माणसाने अपील केलं, तर ते माझ्या टेबलावर येतं.

हे अपील मानपूरच्या दिघेकाकांचं होतं. वीज खात्यातून रिटायर. लिहिलं होतं, "मुलगी पुण्यात नोकरीला. फोनवर 'जेवलात का, गोळी घेतली का' याच्यापुढे बोलणं सरकत नाही. ती हा गेम खेळते, म्हणून शिकलो. दुसऱ्या नावाने तिच्याच टीममध्ये शिरलोय. जरा जमलं की सांगणार होतो. आयडी बंद करू नका, नी तिला कळवूही नका." खाली मुलीचा आयडी दिला होता.

मी रेकॉर्डिंग लावलं. जुने खेळाडू खेळताना लिहीत नाहीत, नकाशावर रंगीत खूण टाकतात. तिला पिंग म्हणतात. पिवळी पिंग म्हणजे मागे फिरा. हे नव्या माणसाला कोण सांगणार?

पिवळी पिंग आली. काका होते तिथेच थांबले आणि टाइप करायला लागले. "नमस्ते. पीला निशान यानी जाना है या रुकना है? मैं नया हूँ, कृपया बताएँ।" एवढं लिहीपर्यंत समोरच्यांनी त्यांना मारलं. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, तेही 'कृपया' लावून. उत्तर एकाचंही नाही. शेवटी कॅप्टनने तेवढं लिहिलं, "सब रिपोर्ट मारो इसको."

अरे, लाजा कशा वाटत नाहीत? 'पीछे आओ' लिहायला बोटं झिजतात का? पण यांची रीतच ती. हरले की नव्या माणसावर खापर फोडायचं.

मी रिपोर्ट करणाऱ्यांची नावं उघडली. चौथा आयडी मुलीचा होता. माझं डोकंच फिरलं.

तशीच सरांकडे गेले. "हा माणूस खेळ बिघडवत नव्हता. विचारत होता."

"ते ठीक आहे हो, पण जुने प्लेयर नाराज झाले तर?"

"होऊ देत! नवे टिकलेच नाहीत, तर जुने काय भिंतीशी खेळणार?"

सरांनी हात झटकला, "करा मग." मी काकांचा आयडी उघडला आणि सहाही जणांना वॉर्निंग पाठवली. मुलीचं उत्तर लगेच आलं, "इस नौसिखिए के लिए हमें वॉर्निंग?" मी लिहायला घेतलं, "अगं, तो तुझा बाप..." आणि खोडलं. काकांनी बजावलं होतं ना.

आठवड्याने काकांचा मेल आला. "आयडी सुरू झाला, आभारी आहे. पण आता खेळत नाही. मुलगी फोनवर सांगत होती, टीममध्ये एक गाढव आलं होतं, आम्ही हाकललं त्याला. खूप हसली. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलली. मीही हसलो."

मग मी भांडून एक बदल करून घेतला. रिपोर्टचं बटण दाबलं, की स्क्रीनवर आधी प्रश्न येतो, 'यांनी तुम्हाला काही विचारलं होतं का?' लोक न वाचताच 'नाही' दाबतात.