मधल्या खुर्चीतले कान

टेलरच्या मशीनखाली चिंध्या कशा साचतात, बघितलंय कधी? मुद्दाम कुणी टाकत नाही. सकाळी झाडून काढावं, तर संध्याकाळी पुन्हा ढीग! आमच्या स्पीकरवाल्या मंडळींचे किस्से तसेच साचलेत. मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात माझं दुकान. शिक्षण सातवीपर्यंत, आणि सातवीलाही मी फारसा आवडलो नाही. लोक मला ‘मास्टर’ म्हणतात ते कात्रीमुळे. पण दर रविवारी सकाळी मी बसतो कुणाच्या पंगतीत? प्रोफेसर आणि डॉक्टरांच्या! कशाला? तर जुन्या स्पीकरमधून जुनी गाणी ऐकायला.

मंडळी चारच. अण्णा, म्हणजे फिजिक्सचे रिटायर्ड प्रोफेसर, आमचे गुरू. डॉक्टर, कान-नाक-घशाचे. प्रकाश, पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी मैसूरला आलेला. मराठी अशी की जणू आताच इस्त्री केलीय. आणि चौथा मी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अण्णांचे कान जात होते. आम्हाला माहीत होतं, त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. एकटे अण्णाच अडाणी! आणि सांगणार कोण? आमच्यात कुठला स्पीकर चांगला आणि कुठला भंगार, हे अण्णांचे कान ठरवायचे. ते कान काढून घेतले तर त्या माणसाकडे उरतं काय? एक पेन्शन आणि एक मफलर!

*

अण्णांचे स्पीकर म्हणजे डबे नव्हेत, कपाटं! मैसूरकडच्या पिरियापट्टण गावात पूर्वी तंबूतलं टॉकीज होतं. ते कधीच बंद पडलं, आणि पडद्यामागचे दोन स्पीकर एका तंबाखूच्या गोदामात जाऊन पडले. खाली लाकडी खोका, त्यात परातीएवढा कागदी कोन. वर लोखंडी भोंगा, सुपाएवढ्या तोंडाचा. गंमत अशी की ह्या जुन्या स्पीकरांना ताकद लागतच नाही. आजकालचे स्पीकर खादाड, वीज ओता-ओता तेव्हा कुठे तोंड उघडतात. ह्यांना रेडिओएवढा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, म्हणजे अँप, लावला की गाणारी बाई पदर सावरत समोर उभी!

अण्णांनी ते विकत घेतले आणि तंबाखूच्या टेंपोतून मैसूरला आणले. दारातून शिरेनात, म्हणून खिडकीचे गज काढले. पुढे कित्येक दिवस कुठलाही राग लावला तरी हॉलमध्ये विडीचा वास!

वहिनी कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

“हे दोघे हॉलमध्ये राहणार?”

“हो,” अण्णा म्हणाले.

“मग आपण दोघं कुठे राहायचं?”

“मधे!”

आणि खरंच त्यांनी दोन भोंग्यांच्या बरोबर मधे खुर्ची मांडली. एकच!

*

ती मधली खुर्ची अण्णांची. दोन्ही भोंग्यांची तोंडं तिच्याकडे वळवलेली, खरा आवाज म्हणे तिथेच जुळतो. बाकीच्यांनी बाजूच्या सतरंजीवर बसायचं, आणि गाणं कसं वाजतंय ते अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचं!

डॉक्टरांनी एकदा हौसेनं नवे परदेशी स्पीकर घेतले. चांगले उंच, सडपातळ, गुळगुळीत. अण्णांना परीक्षेला बोलावलं. अण्णांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, “डॉक्टर, ह्यात बाई गात नाहीये. बाईचा एक्स-रे गातोय.”

झालं! पुढच्या रविवारपर्यंत डॉक्टरांनी ते स्पीकर मेव्हण्याच्या गळ्यात बांधले आणि स्वतः भोंगे शोधत भंगारवाल्यांकडे फिरायला लागले. एवढा शिकलेला माणूस! रोज सकाळपासून लोकांच्या कानात बॅटरी मारून बघणारा! पण स्वतःच्या कानांवर त्याचा विश्वास नाही.

*

प्रकाशचं दुसरंच. त्यानं स्पीकरच्या तोंडावर लावायचं कापड थेट इंग्लंडहून मागवलं आणि शिवायला माझ्याकडे दिलं. मी हात लावून बघितलं. विरळ कापड, दुसरं काय! ते ठेवून दिलं बाजूला आणि परकराच्या अस्तराचं कापड ताणून बसवलं.

रविवारी सगळे जमले. प्रकाश म्हणाला, “आवाज किती मोकळा झालाय!” डॉक्टर म्हणाले, “मागचा तंबोरासुद्धा दिसतोय.” दिसतोय, बरं का!

मग मी सांगितलं. प्रकाशचा चेहरा पांढरा. “काका, मग माझं कापड कुठंय?”

“वहिनींच्या स्वयंपाकघरात. त्यात दही टांगलंय, श्रीखंडासाठी.”

महिनाभर माझ्याशी बोलला नाही. श्रीखंड मात्र खाल्लं मेल्यानं, दोन वाट्या! आणि खरं सांगू, ते फार मोकळं झालं होतं!

*

मग अण्णांचं सुरू झालं. “धार गेली रे. सुरांची टोकं बोथट येतायत.” अँपवर भोंग्याचा एक नॉब असतो, तो फिरवला की वरचे सूर तीक्ष्ण होतात. अण्णांनी तो जरा फिरवला. दिवाळीत आणखी जरा. संक्रांतीला आणखी. पुढं-पुढं गाणाऱ्या बाईनं ‘स’ म्हटला की कानात दाभण गेल्यासारखं व्हायचं. शेजारचं कुत्रं रविवारी सकाळी आपण होऊन दुसऱ्या गल्लीत जायला लागलं. त्याला गुरू नव्हता ना!

आम्ही बसायचो. अण्णा विचारायचे, “आता कसं?” आम्ही म्हणायचो, “वा!”

आणि घरी जाऊन काय केलं असेल ह्या शहाण्यांनी? डॉक्टरांनी आणि प्रकाशनं आपापले नॉब तेवढेच फिरवले! का? तर अण्णांचं प्रमाण!

एप्रिल महिन्यात प्रकाश माकडटोपी घालून आला.

“काय रे, थंडी?” अण्णांनी विचारलं.

“थोडी कणकण आहे अण्णा.”

टोपीखाली कापूस, दोन्ही कानात! कापूस आणला कुणी? डॉक्टरांनी, आपल्या दवाखान्यातून. दर रविवारी पायऱ्या चढण्यापूर्वी आम्हाला दोन-दोन बोळे वाटायचे, देवळातल्या प्रसादासारखे. म्हटलं, “डॉक्टर, आमचे कान झाकण्यापेक्षा त्यांचे तपासा की!”

डॉक्टर म्हणाले, “मास्टर, हळू बोला. ऐकतील!”

*

वहिनींना कापूस कोण देणार? त्या आपल्या स्वयंपाकघरातून हाका मारायच्या. “अहो, जेवायला चला.” काही नाही. “अहो!” काही नाही. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, डाळ करपायची, धूर हॉलमध्ये यायचा, तेव्हा अण्णांना नाकानं कळायचं. वर ऐटीत म्हणायचे, “मी गाण्यात होतो.”

एकदा मी एक जुना माईक नेला आणि गुपचूप अँपला जोडला. वायर स्वयंपाकघरात. म्हटलं, “वहिनी, आता बोला.”

वहिनी लाजल्या. मग माईक तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, “अहो, जेवायला चला.”

अय्यो! दोन्ही भोंग्यांतून वहिनी! समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला, वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. अण्णा टुणकन उठले, आत गेले आणि पाटावर बसत म्हणाले, “बघ, अशी गोड आवाजात हाक मारावी. येतो की नाही मी?”

आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसल्या.

चार दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, “मास्टर, तो माईक घेऊन जा. साकु, पुरे झालं.”

“का हो वहिनी? येतात की आता!”

“येतात. पण नवऱ्याशी बोललेलं सगळं गल्लीला कळतं. काल मी विचारलं, पोट साफ झालं का? संध्याकाळी दूधवाला विचारतो, अज्जी, झालं का?”

हे सांगताना मात्र त्या हसल्या नाहीत. वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

*

शेवटी डॉक्टरांनी हिंमत केली. हिंमत आम्हा सगळ्यांची, बाहेर पडली त्यांच्या तोंडून एवढंच. रेकॉर्ड बदलताना डॉक्टर म्हणाले, “अण्णा, एकदा दवाखान्यात या. सहज. वयाप्रमाणं कान जरा… मशीन लावलं की झालं.”

“काय?”

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, ओरडून.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “डॉक्टर,” म्हणाले, “मी तुझे स्पीकर नापास केले, म्हणून तू माझे कान नापास करतोस?”

संपलं! डॉक्टर चपला घालून चालते झाले आणि बरेच रविवार आले नाहीत. राहिलो प्रकाश आणि मी. अण्णांनी त्या दिवशी नॉब शेवटपर्यंत फिरवला. मग मला विचारलं, “मास्टर, तू सांग. माझे कान गेलेत?”

तोंडावर बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण तो माणूस ज्या नजरेनं बघत होता, ती बघून म्हटलं, “अण्णा, तुमचे कान गेले तर आम्ही ऐकायचं कुणाच्या कानांनी?”

खूश झाले! काय खूश झाले! वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं कापूस डोळ्यांतही घालायला हवा होता.

*

त्यानंतर वहिनी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. सकाळची वेळ, घरात अण्णा एकटे, मधल्या खुर्चीत, डोळे मिटून. वहिनींनी हाका मारल्या. किती मारल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं त्या ऐकल्या. ती धावत आली, दार ठोठावलं, शेवटी खिडकीतून वाकून ओरडली. अण्णा मान डोलवत होते. त्या बाईनं दाराबाहेरचा मेन स्विच बंद केला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. आणि पहिलं वाक्य? “करंट गेला?”

आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा वहिनी कॉटवर, पाय बांधलेला. अण्णा शेजारी स्टुलावर, मफलरचं टोक दोन्ही हातांनी पिळत. डॉक्टरही आले होते, राग-बिग विसरून.

वहिनींनीच तोंड उघडलं. अण्णांच्या कानाजवळ जाता येत नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानं विचारलं,

“रेकॉर्ड पूर्ण झाली का?”

*

त्याच आठवड्यात अण्णा आपल्या पायांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. मशीन आलं. दोन कानांमागे दोन, शेंगदाण्याएवढी. डॉक्टरांनी स्वतः बसवली.

रविवारी सगळे जमलो. वहिनी घरी आलेल्या, पण आतल्या खोलीत कॉटवरच. अण्णा मधल्या खुर्चीत जाऊन बसले. नवऱ्या मुलासारखे ताठ. मी रेकॉर्डवर सुई टेकवली. बाईनं सूर लावला.

अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. तोंड वेडंवाकडं झालं. “कोण किंचाळतंय? हे काय केलंत तुम्ही माझ्या स्पीकरांचं?”

प्रकाश टोपी चाचपत बसला. डॉक्टर पंख्याकडे बघत होते. अण्णा उठले, अँपजवळ गेले. नॉबवर हात ठेवला, तो पुढं फिरेना, शेवटाला पोचलेला. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे.

“तुम्ही हे ऐकत होतात?”

प्रकाशनं टोपी कानांवर ओढली.

“आणि वा म्हणत होतात?”

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. अगदी बारीक, आजारी माणसाचा. “अहो, जरा पाणी देता का?”

आणि अण्णा वळले! पहिल्याच हाकेला! तसेच आत गेले. मी हळूच सुई उचलली. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. तांब्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. मग अण्णांनी विचारलं,

“हे असंच वाजत होतं का गं? रोज?”

“हो.”

“मला सांगायचं नाहीस?”

कॉट करकरली. मग वहिनी म्हणाल्या, “सांगत होते की.”

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. अण्णा बाहेर आले. आमच्याकडे न बघता मधल्या खुर्चीत बसले. एका कानाचं मशीन काढलं, खिशात टाकलं. दुसऱ्या कानाचं काढलं, खिशात टाकलं. डोळे मिटले. मांडीवर बोटं ताल धरायला लागली, मान डोलायला लागली.

“वा!” अण्णा म्हणाले.

सुई अजून माझ्या हातात, रेकॉर्डच्या वर, अधांतरी होती.